आबांच्या वतीने

८ जानेवारी

नवी विद्यार्थिनी आली! जुईली. समाजकार्याच्या पदवीचं शेवटचं वर्ष, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक, तोंडाला विश्रांती नाही. पहिल्याच दिवशी विचारते, म्हाताऱ्या माणसांबरोबर काम करताना सगळ्यात अवघड काय असतं? म्हटलं, गप्प बसणं. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

संस्था दर वर्षी एक विद्यार्थी माझ्या गळ्यात मारते. दर वर्षी वाटतं, आता पुरे बाई. आणि दर वर्षी मला माझंच काम पुन्हा शिकावं लागतं. इथे माझ्याबरोबर काम करायचा तेव्हा स्वानंद म्हणायचा, ही पोरं आपल्याला गंजू देत नाहीत.

दोन वर्षं झाली त्याला नंदुरबारला जाऊन. तिथे पाड्यांवरच्या वृद्धांसाठी काम सुरू झालं होतं. जाताना म्हणाला, चल माझ्याबरोबर. लग्न करून चल, नाहीतर तशीच चल. आई अंथरुणाला खिळलेली. म्हटलं, आत्ता नाही. आई जाऊनही वर्ष झालं. त्याने परत विचारलेलं नाही.

१२ जानेवारी

जुईलीला घेऊन भरे गावात गेले. हैबतराव — सगळे आबा म्हणतात. भाताची जमीन विकली. उरलेल्या तुकड्यावर मुलाने खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्यात. पावसाळा संपल्यापासून आबा बोलेनासे झाले. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत. म्हणून मुलगा आपण होऊन आमच्याकडे आला.

मुलगा वाईट नाही. आबांना वेगळी खोली, टीव्ही, ताटलीत सोललेली संत्री. पण आमच्यासमोरच आबांना विचारतो, "आबा, काय कमी हाय का तुमाला?" आबांनी मान हलवली. दुसरं काय करणार! पोराने एवढं केल्यावर कोणता बाप म्हणेल, कमी आहे?

जुईलीने तर प्रश्नांची सरबत्तीच लावली. झोप लागते का, दुखतं का, जेवण जातं का. "बरं हाय," एवढंच मिळालं. परतीच्या जीपमध्ये रुसून बसली. बसू दे.

१४ जानेवारी

संक्रांत. स्वानंदकडून तिळगुळाचं चित्र आलं. सगळ्यांना पाठवलेलं असणार. मीही एक चित्र पाठवलं. झाली संक्रांत.

१६ जानेवारी

आज ऑफिसात सराव. जुईली कार्यकर्ती, मी आबा. सरावात म्हाताऱ्याचं सोंग नेहमी मीच घेते, सवय आहे. खुर्चीत पाय वर घेऊन बसले, खोकले, तिला दाद दिली नाही. आधीच सांगून ठेवलं होतं, आबा बायकोच्या मागे झुरताहेत, त्या वाटेने जा. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली असली तरी काय — मला खात्रीच होती.

तीन-चार वेळा अडखळली. मग सगळे प्रश्न सोडून हळूच म्हणाली, "आबा, तुम्हाला काय हवंय?"

आणि मी काय म्हणावं! म्हटलं, "संध्याकाळी दार उघडल्यावर आतून कोणीतरी 'आलीस?' म्हणावं."

आलीस! आबा, आणि आलीस!

जुईलीने पेन खाली ठेवलं. मीच फटकारलं, पुढचा प्रश्न विचार. नंतर तिने केलेला चहा न पिताच निघाले. वेडेपणा सगळा.

२३ जानेवारी

पुन्हा भरे. मी उंबऱ्यापाशी थांबायचं, जुईलीनेच बोलायचं असं ठरलं होतं. तिने मुलाला गोड बोलून बाहेर काढलं — म्हणे, दादा, तुमच्या भाड्याच्या खोल्या तरी दाखवा ना ताईंना. म्हणजे मलाही काढलं! शहाणी आहे.

खोल्या बघून आलो तर आबा बोलत होते. सलग. दारात उभी राहून ऐकलं. बाजी नावाचा धनगर. दर वर्षी भात निघालं की मेंढरं घेऊन यायचा, आबांच्या वावरात खतासाठी बसवायचा. मुक्कामात दोघांचं जेवण एकत्र, भांडण एकत्र. जमीन गेली, बाजीचं येणं संपलं. आता त्याच्या पोरांनी मेंढरं विकली आणि तो पौडजवळच्या एका वृद्धाश्रमात राहतो.

"मला तितं जायचंय. बाजीसंगं ऱ्हायचंय."

बायकोचं नावसुद्धा नाही! आणि मी, एवढ्या वर्षांची मुरलेली, पोरीला भलत्याच वाटेला लावून मोकळी. बरं झालं तिने माझं ऐकलं नाही.

२९ जानेवारी

घरात रणकंदन. मुलगा रडायलाच लागला. गाव म्हणेल, जमीन विकून खाल्ली आणि बापाला आश्रमात टाकला. जुईली माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडाशी समजुतीची चार वाक्यं आली होती. गिळली.

आबाच बोलले. "तू टाकत न्हाईस रं. मी चाललोय."

मुलाने उठून तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाला, आधी जागा तर बघून येऊ.

५ फेब्रुवारी

बघून आलो. बाजी बाकावर उन्हात बसले होते. आबांना पाहून नुसते जरा सरकले. आबा शेजारी बसले. मग बाजींनी विचारलं, खोकला गेला का. शेवटच्या मुक्कामातला खोकला असणार! मुलगा गेटपाशी जाऊन डोळे पुसत होता. सोळा तारखेच्या सोमवारी आबांना नेऊन सोडायचं ठरलं. महिन्यातून एक रविवार घरी यायचं, हे मुलाने कबूल करून घेतलं.

मला तिथे उभं राहवेना. हेवा वाटला, खरं सांगते. दोन म्हाताऱ्यांचा हेवा!

८ फेब्रुवारी

फोन उचलल्यावर स्वानंद "हं, बोल नलू" म्हणायचा. नुसतं तेवढं ऐकायला मिळालं तरी चालेल.

१३ फेब्रुवारी

जुईली आज जेवताना म्हणाली, त्या दिवशी आबांच्या खुर्चीत तुम्ही बोललात ते आबांचं नव्हतं ना? कार्टी! इतके दिवस मनात धरून बसली होती. मी कोबीची भाजी चिवडत राहिले. ती थांबली. मी शिकवलंय तसंच थांबली. शेवटी सांगितलं — स्वानंद, नंदुरबार, आई, सगळं.

तिने एकच विचारलं. त्यांना माहीत आहे का?

म्हटलं, त्याला कळायला नको? परत एकदा विचारायला नको? ती डबा धुवायला गेली. माझा राग मात्र दिवसभर गेला नाही. तिच्यावर नव्हता.

१६ फेब्रुवारी

आबांना सोडून भूगावला घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी फोन लावला. "हं, बोल नलू." बोलले. म्हटलं, मी नंदुरबारला येऊ का? कायमची?

तो गप्प. मीही गप्प राहिले. कसं राहिले माझं मला माहीत.

मग म्हणाला, नंदुरबार सुटलं. गुडघ्यांनी दगा दिला. दिवाळीपासून भूगावातच आहे, तळ्यामागे पुतण्याच्या फ्लॅटमध्ये. तू एकदा नाही म्हणाली होतीस, मग कोणत्या तोंडाने कळवणार?

दिवाळीपासून! इथेच!

ओरडायचं होतं. तोंडातून आलं, "आत्ता येऊ?"

"चालत येतेस की रिक्षाने?"