आईंच्या तुपाचं पेटंट

२ मार्च २००५, बुध.
आज अरुणने मोजे स्वतः घातले. दोन्ही. एमएस, मज्जातंतूंचा तो आजार, झाल्यापासून सकाळी पाय लाकडासारखे ताठ. मोजे मी घालते आणि तो खिडकीकडे बघत बसतो. आज बसला नाही. नागपूरहून सासूबाई आल्यापासून रोज संध्याकाळी अर्धा चमचा तूप, मऊभातावर. कॉन्झर्वेटरीतल्या, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीतल्या, गांजाची पानं त्या तुपात परततात. रोप सपोर्ट ग्रुपमधल्या एकाने दिलं.
म्हटलं, आई, इथे विलायतेत हा गुन्हा आहे.
"आमच्या मामंजींच्या गुडघ्यांना वीस वर्षं हेच दिलं मी. कोणी विचारायला नाही आलं."

१० मार्च, गुरु.
आले विचारायला. बॉयलर दुरुस्तीला आलेल्याने कुंडी बघितली असणार, दुसरं कोण. दोन पोलीस, सभ्य, पाय पुसून आत आले. रोप नेलं, तुपाची बरणी नेली, खात्री नाही म्हणून तुळसही नेली. आई तुळशीसाठी रडल्या. अरुण म्हणाला, सगळं माझंच, आईला काही माहीत नाही. आईसमोर धडधडीत खोटं बोलला, इंग्रजीत, म्हणून निभावलं.

१४ मार्च, सोम.
पोलीस स्टेशन. सार्जंट म्हणतो, कॉशन घ्या. म्हणजे गुन्हा कबूल म्हणून सही करायची आणि घरी जायचं. नाहीतर कोर्ट. सॉलिसिटर बाई हळूच म्हणाल्या, कोर्टात गेलात तर लोकल पेपरात नाव येईल, आणि ऑगस्टमध्ये तुमचा सेटलमेंटचा, इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, फॉर्म आहे. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत मिळाली.
बसमध्ये अरुण: "करून टाकतो सही, मीना. चार वर्षं काढलीत या व्हिसावर."
"चोरी केलीस का तू?"
त्याने उतरण्यासाठी घंटा दाबली.

१६ मार्च, बुध.
डोकं फिरलंय. पेटंट-फर्मच्या ऑफिसात माझं काम एवढंच: कोणी म्हणतं नवं औषध शोधलं, मी बघायचं की हे अर्जाच्या तारखेआधी कुठे छापून आलंय का. आलं असेल तर ते नवं नाही, पेटंट नाही. आज साहेबांनी नवी फाईल दिली. इथलीच, सरकारी पैशावर चालणारी लॅब, पेटंटचा अर्ज जूनमध्ये करणार. गांजाचा अर्क, स्निग्ध पदार्थातून, पोटात घ्यायचा, संध्याकाळी, थोड्या मात्रेत, पाय ताठरण्यावर. दोनदा वाचलं. अहो, हे आईंचं तूप.
शोधताना आणखी एक वर आलं. मालकाच्या रकान्यात चक्क अमेरिकेचं सरकार. त्यांचा कायदा म्हणतो या झाडात औषध नाही. त्यांचंच पेटंट म्हणतं, आहे, आणि ते आमचं. लाज कशी वाटत नाही यांना. इथेही तेच: लॅबने लायसन्सवर काचघर भरून लावलं की संशोधन, आम्ही एक कुंडी ठेवली की पोलीस.

१८ मार्च, शुक्र.
आयुर्वेदाचे जुने ग्रंथ सापडले. पोटाचं, झोपेचं, सांध्यांचं लिहिलंय. या दुखण्याला, या मात्रेत, कुठेच छापलेलं नाही. ज्यांनी घरी करून बघितलं ते लिहिणार कसे, लिहिलं की कबुली.
साहेब: "मग क्लिअर ना, नवंच आहे हे?"
सोमवारी सांगते म्हटलं. फाईल गोपनीय, घरी यातलं अवाक्षर काढलं तर नोकरी गेली.

२० मार्च, रवि.
आज पुन्हा मोजे मीच घालायचे. डाव्या पायाची बोटं वळलीत, आत जाईनात. अरुण खिडकीकडे. आई दारात उभ्या, हातात कोमट तेलाची वाटी, साधं खोबरेल. काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत आहे.
सही केली तर प्रकरण पोलिसांच्या कपाटात. छापील काही नाही. मग मी माझ्या हाताने लिहायचं, असं आधी कोणी केल्याचं आढळलं नाही. कोर्टात गेला तर एप्रिलमध्येच पेपरात येईल: आमचं स्टॅनमोर, तूप, पाय, तारखेसकट. लॅबचा अर्ज जूनमध्ये. मग नवं म्हणायला तोंड उरणार नाही त्यांना. आणि आमचा फॉर्म...
"उद्या करू ना सही?" अरुणने विचारलं. माझ्या फाईलचं त्याला काही माहीत नाही. आई माझ्याकडे बघायला लागल्या.
त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. म्हटलं, थांब, आधी हा मोजा पायात जाऊ दे.