टोपी पडली त्याची हकिगत

रोम,
जूनच्या मध्यदिवसानंतरचा दुसरा दिवस

लाडक्या धाकटीला अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळी खुशाल असाल तर बरं. मीही बरी आहे.

तुझं तिसरं पत्र पोचलं. असा संताप आला की पत्राची पाटी भिंतीवर आपटणार होते. ‘पुरोहितीणबाईंना फॉर्मिएचा रस्ता विसरायला झाला वाटतं!’ असं लिहितेस? मोठ्या बहिणीला? आई गेली तेव्हा मी आले नाही, हेही पुन्हा ऐकवलंस. अगं, गाडीने चार दिवस यायला, चार दिवस परत जायला. आणि दर आठव्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, ज्युपिटरला मेंढा माझ्याच हातून जावा लागतो. बोटांवर मोजून बघ, मग बोल.

ह्यांचं तर विचारूच नकोस. सलग तीन रात्री स्वतःच्या पलंगापासून लांब राहायचं नाही. पलंगाच्या पायांना चिखल फासलेला, पायथ्याशी नैवेद्याच्या पोळ्यांचा डबा, असला आमचा संसार. पन्नाशी आली तरी ह्या माणसाने तुमच्या दारातला समुद्र पाहिलेला नाही. गेल्या आठवड्यात मला विचारत होते, “खारट असतो म्हणजे किती गं खारट?”

लोकांना वाटतं, ज्युपिटरच्या पुरोहिताची बायको, काय थाट असेल! चुलीत घाल तो थाट. ह्यांच्या अंगावर कुठे गाठ चालत नाही, म्हणून वीस वर्षं टाचण्या लावतेय. पदाची टोपी उघड्या आभाळाखाली डोक्यावरून उतरायची नाही, म्हणून तिचा हनुवटीखालचा पट्टाही मीच लावायचा. पावटे खायचे नाहीत, पावट्यांचं नावही काढायचं नाही. आभाळ गडगडलं की मी हातातलं काम टाकून देवाची मनधरणी करत बसायचं. मागे एकदा नऊ दिवस गडगडत होतं, नऊ दिवस ह्यांचा झगा मागावर अर्धा. आणि जूनमध्ये चुलीच्या देवीचं, वेस्टेचं, देऊळ झाडून तो कचरा नदीत जाईपर्यंत मी केस विंचरायचे नाहीत, नखं कापायची नाहीत, नवऱ्याला हात लावायचा नाही. कचरा आज सकाळी गेला एकदाचा. केस विंचरायला बसले तर अर्धे फणीतच आले.

हे पद सोडता येत नाही. आम्हाला काडीमोडही नाही. विधीत चूक झाली तर पद जातं, नाहीतर बायको मेली की त्याच दिवशी टोपी उतरते. म्हणून मला साधी शिंक आली तरी सासूबाई वैद्याला बोलावणं धाडतात. शेजारणी म्हणतात, केवढी माया सुनेवर! माया कसली, कपाळ माझं. टोपीची काळजी.

बघ, किती वेळ इकडचं तिकडचं लिहितेय. मूळ गोष्ट लिहायला हात धजत नाही. परवा ह्यांची टोपी पडली.

महिन्याच्या मध्यदिवसाची पांढरी मेंढी टेकडीवर ज्युपिटरला द्यायची होती. सगळं रीतसर चाललेलं. बासरीवाला वाजवत होता, महापुरोहित शेजारी उभे, मी दहा पावलं मागे. हे सुरी घेऊन वाकले आणि टोपी निसटली ती थेट फरशीवर. घरंगळत मेंढीच्या पायाशी गेली. मेंढीने हुंगलीसुद्धा. बासरी थांबली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वीस वर्षांत ह्यांचं टक्कल उघड्या आभाळाखाली मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढरंफटक, सोललेल्या अंड्यासारखं.

महापुरोहितांच्या तोंडचं पाणी पळालं. “पट्टा कुणी लावला होता?” त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. एरवी तो पट्टा मीच लावते ना.

“माझा मीच लावला,” हे म्हणाले. “तिला हे दहा दिवस मला शिवायची मनाई आहे. आपल्याला ठाऊक नाही होय?”

महापुरोहित म्हणाले, “आता दुसरा पुरोहित शोधायला हवा.” संपलं. वीस वर्षं त्या एका वाक्यात संपली.

घरी सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. “ह्या घरात तीन पिढ्या टोपी होती! लहान मुलाच्यासुद्धा डोक्यावर टोपी राहते!” हे सरळ स्वयंपाकघरात गेले, हिलारा दासीला पावटे शिजवायला सांगितले आणि उभ्याउभ्या दोन वाट्या संपवल्या. मग रात्रभर पोट धरून बसले. मला हसावं की रडावं कळेना.

आता तुला सांगायलाच हवं. वर ‘बरी आहे’ लिहिलं ते खोटं आहे. हिवाळ्यापासून खोकला आहे, आणि खोकल्यातून रक्त पडतं. आमची ही डोक्यावरची ओढणी ज्वाळेच्या रंगाची असते, त्यात दिसत नाही. ओढण्या मी स्वतः धुते. हिलाराला वाटतं, बाईंना हल्ली सोवळ्याचं वेड लागलंय. यात्रेत, यज्ञात, सासूबाईंसमोर खोकला गिळून गिळून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. का, तर माझं कळलं की दुसऱ्या दिवसापासून लोक ह्यांच्या टोपीकडे बघून दिवस मोजायला लागतील. जेवढं जगता येईल तेवढं जगायचं आणि तेवढे दिवस ह्यांचा मान राखायचा, एवढंच ठरवलं होतं मी. तुझ्याकडे यावंसं वाटत नव्हतं असं समजू नकोस. रोज वाटत होतं. आईच्या वेळी तर मी ओढणी तोंडात कोंबून रडले.

तर परवा. टेकडी उतरताना मला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. ह्यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला, चांगला घट्ट.

मी म्हटलं, “अहो, सोडा! अजून दोन दिवस आहेत.”

“कुणाचे दोन दिवस?” हे म्हणाले. “मी कोण आहे आता?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीचे चार दिवस, पलंगाचं बंधन, समुद्राची चौकशी, आणि मला दोष लागणार नाही असा नेमका दिवस. मी तिथेच, रस्त्यात, विचारलं, “पट्टा मुद्दाम सैल ठेवलात?”

“हो.”

“देवाला फसवलंत?”

“त्याला कुठे फसवलं? तो वर बसलाय. त्याला टोपीही दिसते आणि टोपीखालचं डोकंही. फसले ते महापुरोहित.”

“आणि खोकल्याचं कधी कळलं तुम्हाला?”

“हिवाळ्यात. एका पलंगावर झोपतो आपण. मी टकला आहे, बहिरा नाही.”

काय सांगू तुला, असा राग आला! मी म्हटलं, “चार-सहा महिने थांबायचं होतंत. मी मेले की पडलीच असती आपोआप, तीही मानाने! लोक हसले तुम्हाला. जन्मभर हसतील. मी एवढा जीव आवळून धरला तो कशासाठी मग?”

तर म्हणतात, “तेच चार-सहा महिने मला हवे होते. वीस वर्षांत तुझ्याकडे दुसरं काही मागितलं का मी?”

भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही मेल्याने. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललेले नाही. सगळा हिवाळा मी ह्यांची टोपी वाचवत बसले आणि ह्यांना ती नकोच होती. ते मला जपण्यासाठी गप्प, मी त्यांना जपण्यासाठी गप्प. आईच्या आजारपणात जरी एकमेकांना खरं विचारलं असतं, तरी तेव्हाच टोपी फेकून आले असते गं मी तुझ्याकडे. आई भेटली असती. ह्याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि जाणारही नाही.

उद्या पहाटे तुझ्याकडे यायला निघतोय. खेचरांची गाडी ठरली आहे. हे आत्तापासून अंगणात उघड्या डोक्याने हिंडताहेत आणि टाळू भाजली म्हणून कुरकुरताहेत. मी फार वाळलेय. दारात बघून हंबरडा फोडू नकोस, निदान ह्यांच्यासमोर नको. भाऊजींनाही सांगून ठेव.

आणखी एक. परत जाताना हे एकटे असतील. त्यांना लगेच जाऊ देऊ नकोस. टोपीशिवाय, नेमाशिवाय दिवस कसा काढायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि एकट्याने जेवायला बसायची तर मुळीच सवय नाही. समोर बसत जा.

देवाची आता कुणी नसलेली,
तुझी बहीण,
थोरली वेतुरिया