खवट तेल

मितिलीनी बेट, ग्रीस, जानेवारी १९४२

एव्हान्थिया मावशी,

हे पत्र तुला पाठवायचं धैर्य माझ्यात नाही.

तू जैतुनाची फळं मुद्दाम गोणीत कुजवलीस. "खवट तेल जर्मन बोटीवर चढवत नाहीत, म्हणजे ते आपल्या पोटात!" म्हणून हसलीस. तुझं पाहून साऱ्या गावानं तेच केलं. प्रयोगशाळेत नमुना मीच तपासला. आम्लता खरोखरच निर्यातीच्या मर्यादेबाहेर होती. मला खोटं बोलावंही लागलं नाही.

जर्मन खरेदी अधिकारी चडफडला. "म्हणजे हे साबणालाच?"

"हो," एवढंच म्हणून मी थांबायला हवं होतं. पण तो म्हणाला, "तुम्हा लोकांना साधं तेलसुद्धा नीट काढता येत नाही." तेव्हा मी त्याला सोडा घालून हे तेल कसं सुधारता येतं ते समजावलं. अगदी प्रमाणासकट.

काल गावाची तेलाची सगळी पिंपं जर्मन बोटीवर चढवायला बंदरावर आली. तुझंही. धक्क्यावर तू माझा हात धरलास. "पोरी, धमकावलं ना गं तुला मेल्यांनी? रडू नकोस. हिवाळाभर पाला नुसता उकडून खाऊ."

मी होकारार्थी मान हलवली.

मावशी, मला कुणी धमकावलं नव्हतं. त्यानं उपायही विचारला नव्हता.

तुझी भाची,
पोलिक्सेनी