राण्यांच्या घरचं उटणं

५ ऑक्टो., रवि.
बादलीत टाकायचे उटण्याचे फसफसणारे गोळे पुन्हा फुगले. रात्री ताटात गोल गरगरीत होते, सकाळी बघते तर फुटलेल्या भाकरीसारखे. व्हिडिओवाली बाई म्हणते गुलाबपाण्याचा हलका फवारा मारा. तिच्या देशात मार म्हणावं. इथे दहिसरात मीठ बरणीत पाझरतं, तिथे सोडा आणि लिंबूफूल कशाला थांबतायत बादलीची वाट बघत.

सुकावेत म्हणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले, ती वेगळीच वाट लागली. सासूबाई पहिल्या घासालाच, "गो, भाताक उटण्याचो वास येता." सगळा भात काढून टाकला. चिडचिड नुसती.

८ ऑक्टो., बुध.
जमलं!! पाणी नाहीच घालायचं, थेंबभरही नाही. खोबरेल या उकाड्यात गोठत नाही. आणि मग आठवलं, मुठेल. आई भेगांना लावायची ते कोकमाचं तेल, मुठीत वळून गोळा केलेलं, उन्हाळ्यातही दगड. वेंगुर्ल्याहून तिने दिलेलं अजून कपाटात होतं. वितळवलं, सोडा, लिंबूफूल, कॉर्नफ्लॉवर आणि आईच्या पद्धतीचं उटणं, लाडवासारखं दाबून वळलं. तासाभरात टणक. बादलीत टाकला तर काय फसफसला. न्हाणीघरात आईचा वास.

ती नसतानाची पहिली दिवाळी.

१२ ऑक्टो., रवि.
वैशाली आली मुलुंडहून. धाकटी नणंद, माहेरची राणे, तोंडाची गोड. "वहिनी, झकास झालेत गं. तू बनव, मी खपवते." त्यांच्या सोसायटीत दिवाळीचं प्रदर्शन आहे. माझ्यासाठी चार ठेवून बाकी सगळे घेऊन गेली. जाताना दोनदा सांगितलं, वर 'वेंगुर्ल्याचं उटणं' लिही, आईचं नाव घातलंस तर फारच बरं. हो हो म्हणाली.

१६ ऑक्टो., गुरु.
वै.चं स्टेटस. गोळ्यांचा फोटो, सोनेरी लेबल: 'राण्यांच्या घरचं पारंपरिक उटणं. आमच्या आईच्या हातची कृती.'

सासूबाईंनी जन्मात उटणं कुटलेलं नाही. पाकीट यायचं वाण्याकडून.

नवऱ्याला, प्रशांतला दाखवलं. म्हणे, "अगं, घरचंच आहे ना. राण्यांच्या घरचं म्हणजे तुझंच की." वर शांतपणे टीव्ही. डोकं फुटेल असं झालं. आई गेली तेव्हा मला सुतक तीनच दिवसांचं, का तर मी राण्यांची. भावाने तेरा दिवस पाळलं, मी चौथ्या दिवशी इथे पोळ्या लाटत होते. सुतकाला मी राण्यांची, आता आईचं उटणंसुद्धा राण्यांचं. राहिलं काय तिचं?

जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

१९ ऑक्टो., रवि.
वै.चा फोन. मागणी आली म्हणून मला न विचारता स्वतःच केले. खोबरेल, गुलाबपाणी. बॉक्समध्येच फेस. "वहिनी, काय चुकलं गं?"
म्हटलं, हवा दमट आहे.
खोटं नाही बोलले. प्र. म्हणतो, "सांगून टाक ना, आपल्यातलीच आहे." आपल्यातलीच. हा शब्द मला फक्त माझी वस्तू घेताना ऐकू येतो.

२० ऑक्टो., सोम. नरकचतुर्दशी
कारीट फोडलं, डाव्या अंगठ्याने, इतकं जोरात की बी भिंतीला. प्र.: "नरकासुराला मार, लादीला नको." हसले नाही.

सासूबाईंच्या बादलीत एक गोळा टाकला होता, माझ्यासाठी ठेवलेल्यातला. आंघोळीला बराच वेळ लावला. बाहेर येऊन केस पुसत म्हणाल्या, "ह्या तुझ्या आवशीचा उटणा मा?"
हो म्हटलं. एवढ्या दिवसांत कुणी पहिल्यांदा विचारलं. मोरीत जाऊन रडले, मग फराळाची ताटं लावली.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
वै.ने ओवाळलं, ओवाळणी घेतली आणि सरळ स्वयंपाकघरात. "वहिनी, खरं सांग, काय घालतेस?"
उरलेलं मुठेल ओट्यावर ठेवलं. म्हटलं, ओळख.
हातात घेतलं, वास घेतला. "साबण?"
दारातून सासूबाई, "मुठेल ता. राण्यांच्या घरात कधी नाय होता."

वै.ने मुठेल उलटंसुलटं करून बघितलं. प्र. मागे उभा. सासूबाई गेल्या आत, जपाला.
मग वै. हळूच, "पण वहिनी, लेबलं छापून झालीत गं."

मुठेल तिच्या हातातून घेतलं, परत डब्यात. चहा टाकला. बाहेर ती आणि प्र. कुजबुजतायत. आता तो येईल, कृती सांगून टाक म्हणायला. आईचं नाव सुमती. अजून एकानेही विचारलेलं नाही.