रेघेच्या पलीकडचं लोखंड

अण्णा,

आज दुकानात तुमचा राग आला, म्हणून लिहायला बसलोय. गोव्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. रविवारी कुठल्याशा ट्रॅकवर हौसेने गाडी पळवतो. त्याला हलकं फ्लायव्हील आणि कडक क्लच हवा होता. कुठली प्लेट घेऊ, लोखंड किती कापू, एवढंच साधं विचारलं त्याने. तर तुम्ही मला म्हणाला होतात तेच माझ्या तोंडून निघालं, "गाडी खंय चलवतलंस तां आधी ठरव, मगे क्लच घे." तो हसला, मी मात्र मनात चडफडलो. आयुष्यभर ज्या उत्तराने माझं डोकं फिरवलं तेच मी दुसऱ्याला द्यावं, म्हणजे कमाल झाली.

तुमच्याकडे सरळ उत्तर कधी नव्हतंच. सावंतवाडीतलं आपलं वर्कशॉप म्हणजे एक लेथ, एक भाता आणि तुमचं मौन. शहाऐंशी साल असेल. मी सत्तावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, स्वतःला फार शहाणा समजणारा. घाटावर एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोक घड्याळ लावून गाड्या पळवणार होते आणि आपली जुनी फियाट मला तिथे न्यायची होती. इंजिनच्या मागे फिरणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हलकं केलं की इंजिन चटकन वेग धरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुम्हाला चार दिवस समजावलं. तुम्ही ऐकत होतात की नाही कोण जाणे, कारण हातातला नट काही खाली ठेवला नव्हतात. पाचव्या दिवशी चाक उतरवून लेथवर चढवलंत, आखणीच्या सुईने त्याच्या पाठीवर गोल रेघ ओढलीत आणि म्हणालात, "हयसर थांबाचा. फुडे जाव नको." का थांबायचं, पुढे गेलं तर काय होईल, हे सांगायला तुमचं काय जात होतं? क्लचच्या बाबतीतही तेच. मी मुंबईहून चार चकत्यांची कडक प्लेट मागवली, जी पाय सोडला की एकदम पकडते. साधीच प्लेट ठेव, स्प्रिंग तेवढ्या जोरदार घाल, असं तुम्ही एकदा पुटपुटलात आणि चहा प्यायला निघून गेलात.

तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात तेव्हा मी रेघेच्या पुढे गेलो. हत्यार घसरलं, असं मी नंतर तुम्हाला सांगितलं. संध्याकाळी गाडीखाली पडल्या पडल्या मला दिसत होतं. तुम्ही चाक आढ्याला टांगलेल्या वजनकाट्यावर लटकवलंत, आकडा बघितलात, दारावर खडूने लिहिलात आणि मग तळहाताने पुसून टाकलात. तुम्हाला कळलं होतं. घसरलेलं हत्यार ओरखडा काढतं, किलोभर लोखंड नाही काढत, हे तुम्हाला नाही तर कुणाला कळणार? आणि तरी ते चाक, माझ्या त्या कडक प्लेटसकट, तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलंत, एकेक बोल्ट आवळलात. मी वाट बघत होतो, आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही हात पुसलेत आणि घरी चला म्हणालात.

दोनच दिवसांनी मिठबावहून निरोप आला की आत्येचं काही खरं नाही. तुमची ती थोरली बहीण, तुमची आई गेल्यावर तिनेच तुम्हाला वाढवलेलं. दुसरी गाडी नव्हती. आपण सकाळीच निघालो. रस्त्यावर गाडी काय पळत होती, आणि मला त्याही प्रसंगात बरं वाटत होतं. मग खाडी आली. तेव्हा पूल कुठला! गाड्या पलीकडे न्यायला दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेली 'तर' होती, आणि काठावरून तिच्यावर चढायला फक्त दोन लांब फळ्या. या फळ्यांवरून गाडी मुंगीच्या पावलाने चढवावी लागते, हे इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला झोपेतही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं का? पण फ्लायव्हीलचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त धावपट्टी होती. पाय हळू सोडला की इंजिन बंद पडायचं; हळू चालताना त्याला तगवून धरणारं वजनच मी कापून टाकलं होतं. एकदा पडलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदाही पडलं, चौथ्यांदा मी रेस वाढवून पाय सोडला आणि गाडीने उडीच मारली. पुढचं चाक फळीवरून सुटलं आणि गाडी काठ आणि होडी यांच्या मध्ये कलंडून अडकली. तरवाले माझ्या नावाने शिव्या देत होते. तुम्ही लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलात, जॅक लावलात आणि त्यांना शांतपणे सांगत राहिलात की क्लच नवो आसा, बसाक येळ लागता.

तुम्ही मला पाठीशी घालत होतात, अण्णा. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असतीत तर मी आज तुम्हाला हे लिहीत नसतो. गाडीचं अडकलेलं चाक निघेपर्यंत ओहोटी लागली आणि ती जोडहोडी चिखलात बसली. पलीकडे संध्याकाळशिवाय एस.टी. नव्हती. तुम्ही एका मासेमाऱ्याच्या लहान होडीत बसलात. "मी जातंय. तू गाडयेकडेच रव," एवढंच बोललात आणि पाठ फिरवलीत. मी काठावर गाडीला टेकून उभा आहे, तुमची छत्री पलीकडच्या माडांत दिसेनाशी होते आहे, हे मला अजून जसंच्या तसं दिसतं.

तुम्ही चालत पोचलात तेव्हा आत्येला जाऊन तास झाला होता. सकाळपासून दाराकडे बघून ती एकच विचारत होती, "माझो भाव इलो काय?" हे मला आत्येच्या सुनेने सांगितलं, तुम्ही नाही. तेराव्या दिवशी तुम्ही परत आलात, भंगारातून एक पूर्ण वजनाचं फ्लायव्हील काढलंत आणि साध्या प्लेटसकट गाडीला बसवलंत. त्यानंतर अकरा वर्षं जगलात, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. मी चुकलो, कबूल. पण खडूचा तो आकडा पुसणारा हात तुमचा होता. मला धडा मिळावा म्हणून गप्प राहिलात की माझी हौस मोडवेना म्हणून? इतकी वर्षं मी दोन्ही उत्तरं घोळवतोय आणि दोन्हींचा मला संताप येतो.

आता त्या खाडीवर पूल आहे. गिऱ्हाइकाला मी अखेर सगळं समजावून सांगितलं, चांगला अर्धा तास. कुठपर्यंत कापायचं, का थांबायचं, गाडी रस्त्यावरही वापरणार असशील तर कुठली प्लेट घे. माझा घसा बसला. ते हलकं चाक अजून लेथखाली पडलंय, गंज चढून. हा कागद घडी करून त्याच्याखालीच ठेवणार आहे, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही मिठबावला आत्येचे दिवस करत होतात, त्या रविवारी मी प्लेट परत करायला जातो असं आईला सांगून आंबोली घाट चढलो आणि धावपट्टीवर गेलो. गाडी कशी धावली, हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. फार सुंदर धावली, अण्णा. मी आत एकटाच मोठमोठ्याने हसत होतो.