बाबांनी न पाहिलेले गोल

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, दादा तुझा आवाज असा का येतोय. मी सर्दी झालीय म्हणालो. सर्दीबिर्दी काही नव्हती. पण तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकून मांडीवर घेऊन बसतात. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? म्हणून लिहितोय. आमच्या संघाच्या डॉक्टरीणबाई पुढच्या सामन्याच्या तयारीसाठी तुमच्या शहरात येताहेत, त्यांच्या हाती पाकीट देतोय.

घरी सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण ते त्याच्याहून जास्त कुरकुरतात. तुझ्या खोलीत मी सरावाच्या जाळ्या नि चेंडू ठेवले म्हणून आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी सगळं जिन्याखाली हलवलं. खोली पुन्हा रिकामी आहे.

आता मुख्य गोष्ट. आपला फुटबॉल संघ महासंघ बदलणार का, यावरून इकडे वर्षभर काथ्याकूट चालला होता, तुझ्याही कानावर आलं असेल. आजवर आपण शेजाऱ्यांच्या महासंघात खेळलो, त्यामुळे फिरून फिरून तुमच्या देशाशी गाठ पडायचीच. आता समुद्रापलीकडचे देश आम्हाला त्यांच्यात या म्हणताहेत. तिथले संघ तगडे आहेत, सुरुवातीला आपण सडकून मार खाणार. पण मैदानं चांगली, पंच बरे, आणि आमच्या पोरांवर तिथे कुणी थुंकत नाही. वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी रकाने भरून लिहून आलं. तुझ्याबद्दल त्यात अर्थातच कुणी काही लिहिलं नव्हतं.

तुझं लग्न झालं तेव्हा सकाळी निघालो की दुपारी तुझ्याकडे जेवायला पोचायचो. सीमा बंद झाल्यावर सामन्याचं तिकीट हीच एक वाट उरली. सामना असला की प्रेक्षकांना स्टेडियम नि हॉटेलापुरता दोन दिवसांचा परवाना मिळतो, आणि आपले बाबा, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे मी प्रशिक्षक होऊनही समजावू शकलो नाही, ते संघाचे सगळ्यात जुने प्रेक्षक होऊन बसले. तू मुलीला घेऊन दोन्हीकडच्या प्रेक्षकांमधल्या जाळीच्या पलीकडे बसतेस आणि ते मैदानाकडे पाठ करून जाळीला नाक लावतात. त्यांनी आजवर एकही गोल पाहिलेला नाही. आजूबाजूचे उठले की तेही उठतात. एकदा तुमच्या गोलला टाळ्या वाजवल्या, तर आमची माणसं त्यांच्यावर धावून आली होती. आठवतंय ना?

गेल्या वेळचंही तुला आठवत असेल. तुमच्या स्टेडियमबाहेर बसवर दगड आला, तेव्हा आमचा कप्तान खिडकीशी बसून केळं सोलत होता. मी त्याच्या शेजारी होतो. काच त्याच्या डोळ्यात गेली. त्याने केळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सर, हे धरा जरा." इस्पितळात तुझा नवरा स्वच्छ शर्ट घेऊन आला आणि आम्ही निघेपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याच्याशी मी नीट बोललोही नाही. त्याला सांग, तो शर्ट कप्तानाने अजून ठेवलाय. डोळा मात्र गेला.

मंगळवारी संघटनेची बैठक झाली. खेळाडूंच्या वतीने एक मत मला असतं. अध्यक्षांनी कप्तानालाही बोलावलं होतं. तो काळा चष्मा लावून टेबलाच्या टोकाला बसला होता. बोल म्हटल्यावर म्हणाला, "मला काही मागायचं नाही. मी आता खेळत नाही. पण हल्ली बसमध्ये खिडकीशी कुणी बसत नाही. पोरं तिथे बॅगा ठेवतात आणि आपण मधल्या वाटेत उभी राहतात."

हे खरं आहे. मी रोज बघतो. मीही माझी बॅग तिथेच ठेवतो.

बाकीची मतं दोन्हीकडे सारखी पडली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं होतं, त्या वेळी तुझा चेहरा डोळ्यांसमोर येईल. नाही आला. मी बदलाच्या बाजूने हात वर केला, अध्यक्षांनी मान डोलावली, मी हात खाली घेतला. पुढचा विषय नव्या जर्सीच्या रंगाचा होता, त्यावर मात्र तास गेला. मीही बोललो. निळा नको म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

घरी आलो तर बाबा मटार सोलत होते. त्यांनी विचारलं, काय ठरलं. मी म्हटलं, अजून काही नाही. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तिकडे, समुद्रापलीकडे, आपलं कुणी आहे का रे?" मी नाही म्हणालो. "मग कशाला जायचं?" एवढंच म्हणून ते पुन्हा मटार सोलायला लागले. मीही त्यांच्यासमोर बसून सोलले. चार दिवस झाले, चिमे. जेवतोय, झोपतोय, पोरांकडून सराव करून घेतोय. वाईट वाटेल म्हणून वाट बघतोय, पण अजून काहीच वाटत नाहीये.

पुढच्या महिन्यातला तुमच्याकडचा सामना जुन्या वेळापत्रकातला शेवटचा आहे. निर्णय त्यानंतर जाहीर होईल. तोवर बाबांना कळणार नाही आणि मी सांगणारही नाही. त्यांचा परवाना आलाय, नातीसाठी स्वेटर विणून घ्यायला त्यांनी शेजारणीच्या मागे लकडा लावलाय. तुला मात्र सांगायलाच हवं होतं, नाहीतर मुलीच्या शाळेचं कारण काढून तू एकच दिवस येशील. दोन्ही दिवस ये. नवऱ्यालाही आण. निघताना बसपाशी बाबा मुलीच्या डोक्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, पुढच्या वेळी येईन तेव्हा तू माझ्या खांद्याला लागलेली असशील. तेव्हा रडू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. नुसतं 'हो बाबा' म्हण.

तुझाच,
दादा