माडीवरचं बाक

वंदनीय दादास,

धाकट्या बहिणीचा शालोम, नमस्कार, आणि तिकडे आणखी काही म्हणत असतील तर तेही. गुडघा कसा आहे? वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? (तिला म्हणावं, चष्म्याची घाई करू नकोस. सगळी नोकरी चष्म्याच्या दुकानात काढल्यावर एवढं सांगायचा हक्क मला आहे.) मी ठीक आहे. म्हणजे उभी आहे.

आपल्या सिनेगॉगची अवस्था तुला ठाऊक आहे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि ते जमत नाहीत. कोणी आजारी, कोणी मुलाकडे गेलेला, कोणी कायमचा गेलेला. उरलेले पायऱ्यांवर थांबतात, बस आली की माना वर करतात, आणि मग आपापल्या घरी जातात. मी असते तिथे, पण गणतीत नसते. किल्ल्या तेवढ्या माझ्याकडे असतात.

अशात खजिनदारांची सून पुढे झाली. ही चित्रकार. (चित्र काढताना तिला अजून कोणी पाहिलेलं नाही. ती वायरी जोडते, फळ्या टांगते, आणि त्याला आजची कला म्हणतात.) समितीच्या बैठकीत वकीलसाहेबांचा आग्रह होता की जुने दिवे आणि पुस्तकं काचेच्या कपाटात मांडावीत, म्हणजे लोक बघायला येतील. सून म्हणाली, "काचेत मेलेल्यांच्या वस्तू ठेवतात. आपण अजून मेलेलो नाही." यावर काही जणांनी माना डोलावल्या; बाकीच्यांना खात्री नव्हती.

तिची कल्पना अशी की प्रत्येक रिकाम्या बाकाखाली एक छोटा स्पीकर लावायचा. बाकावर कोणी बसलं की तिथे पूर्वी बसणाऱ्या माणसाचा आवाज सुरू व्हायचा. जुनं रेकॉर्डिंग असेल तर ते, नाहीतर घरच्यांनी त्याच्या ढंगात काहीतरी बोलायचं. आवाज घुमू नये म्हणून कोटांच्या कपाटात, तोंडावर बाह्या लोंबत असताना, आम्ही एकेकाला बोलतं केलं. वकीलसाहेब वडिलांबद्दल बोलायला आत गेले आणि खिडकीबद्दल बोलून बाहेर आले. (बेकरीवाले काका म्हणायचे खिडकी उघडी हवी, वकीलसाहेब म्हणायचे बंद. त्यावरून दोघांचं बोलणं कधीचं तुटलंय, आणि खिडकी अर्धी उघडी आहे.) काकांनी आपला फोन आणला. त्यात काकूंचा शेवटचा निरोप होता: येताना दूध आणा, माझ्या गोळ्या संपल्यात, आणि त्या वकिलाशी एकदाचं बोला. हे सगळ्यांसमोर वाजवायचं का, असं सुनेने विचारलं. काका म्हणाले, वाजव, ती काही खोटं बोलत नाहीये.

उद्घाटनाला ही गर्दी झाली. वर्षानुवर्षं न फिरकलेले आले. धर्माबाहेर लग्न केलं म्हणून तोंड चुकवणाऱ्या मुली आल्या, नवऱ्यांना घेऊन. वायरमनने दोन वायरींची अदलाबदल केली होती, त्यामुळे आधीच्या अध्यक्षांच्या बाकातून (आठवतात ना, हसले की पाप लागेल अशा चेहऱ्याचे?) आपल्या पत्तेवाल्या मामाचा आवाज निघाला, आणि मामा डाव हरत होता, तेव्हा भाषा काय असेल ते तू समजून घे. आम्ही धावलो. बघतो तर अध्यक्षांचा मुलगा तिथे बसून रडतोय. म्हणाला, बाबा असे मोकळेपणी कधी बोललेच नाहीत. आम्ही वायरी तशाच ठेवल्या.

बेकरीवाले काका मात्र खाली थांबलेच नाहीत. बायकांची बसायची जागा वर माडीवर, म्हणून काकूंचा स्पीकरही वर. काका उभ्या जन्मात तो जिना चढले नव्हते. कठडा धरून चढले, काकूंच्या जागेवर बसले, दुधाचा निरोप ऐकला, आणि खाली बघत राहिले.

"माझी जागा बरोबर इथून खाली," ते मला म्हणाले. "एवढी वर्षं ती माझं टक्कल बघत बसली होती."

मग ते रोज यायला लागले. एका संध्याकाळी मी कुलूप लावायला गेले, तर काका बाकावर, कपाळ कठड्याला टेकलेलं, आणि काकू दुधाचं सांगतायत. मी म्हटलं, उठा काका, मला घरी स्वयंपाक आहे. पुन्हा जरा चढ्या आवाजात म्हटलं. मग खांद्याला हात लावला. (गेलेल्या माणसावर खेकसले मी, दादा.) काकू बोलायच्या थांबेनात, कारण तो स्पीकर वजनावर चालतो, आणि काकांचं वजन तिथेच होतं.

दफनाला दहा सहज जमले. प्रदर्शन बघून गेलेले बरेच आले होते. काकांना मूलबाळ नाही, तेव्हा गेलेल्यामागे मुलाने म्हणायची कद्दिशची प्रार्थना आता म्हणायची कोणी, हा प्रश्न आला. वकीलसाहेब पुढे झाले. "मी म्हणतो," ते म्हणाले. "पण खिडकीबाबत माझं मत बदललेलं नाही." अर्ध्यात त्यांचा आवाज गेला. मागे उभ्या असलेल्या परक्या जावयांनी जमेल तिथे, बहुतेक चुकीच्या ठिकाणी, मोठ्याने आमेन म्हणत त्यांना शेवटापर्यंत नेलं.

आता आठवड्यातून एकदा माणसं येतात, नवी गाणी बसवतात, बेसूर गातात. सून म्हणते, आपण समाज बांधतोय. मी म्हणते, पुरतोय, पण मन लावून पुरतोय. ती हसते आणि मला खुर्च्या उचलायला लावते.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. पथ्य सांभाळ.

तुझी,
धाकटी

ता. क. आईबद्दल वर एक अक्षर लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. बाबा गेल्याचं तिला हल्ली आठवत नाही. उद्घाटनाला तिला नेलं. इतरांची माणसं बोलताना ऐकून ती बाबांच्या बाकावर जाऊन बसली. त्यांचं एकही रेकॉर्डिंग कुणाकडे निघालं नाही. मी नक्कल करून पाहिली, पण माझ्या तोंडून बाबा चिडलेल्या मांजरासारखे वाटतात. तू हुबेहूब करायचास, जेवताना, त्यांची पाठ वळली की. फोनवर दोन वाक्यं बोलून पाठव. काहीही चालेल. "छत्री कुणी नेली" एवढंही चालेल.

ता. क. २. लवकर पाठव. रोज संध्याकाळी ती तयार होऊन दारात उभी राहते आणि मला तिला न्यावं लागतं. काल तिने विचारलं, हे बोलत का नाहीत? मी म्हटलं, रागावलेत. "मग बसते मी जरा," ती म्हणाली, आणि अंगातला कोट काढून तिने मांडीवर घेतला.